बंद केली

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच जिन्याने चढायला लागला तर लोकांनी हसायचं नाही तर काय करायचं? खात्रीराव हातात जड पेटी घेऊन पाच-पाच मजले चढायचा, आणि वर घामाघूम होऊन पोचला की दारात उभं असलेलं कुणीतरी विचारायचंच, "काय हो, तुमचाच तुमच्या लिफ्टवर भरवसा नाही वाटतं?" खात्रीराव हसायचा. "व्यायाम होतो," म्हणायचा. लोकांना ते पटायचंही, कारण त्याचं पोट तसं व्यायामाची वाट बघत असलेलंच होतं.

खात्रीराव हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते कंपनीतल्या लोकांनी ठेवलं. नट आवळून झाला की हा म्हणणार, "थांब, खात्री करून घेतो." दार लागलं की खात्री, दिवा लागला की खात्री, निघताना पेटीला कुलूप लावलं की कुलूप ओढून खात्री. एका वर्षी कंपनीने त्याला सर्वांत दक्ष कामगार म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी चार शब्द कौतुकाचे सांगितले. ते घड्याळ घरी नेऊन त्याने लावलं आणि खिळा पक्का आहे ना हे बघायला पुढचे आठ दिवस दररोज ओढून पाहिलं. नवव्या दिवशी खिळा उपटून हातात आला. बायको म्हणाली, "झाली एकदाची खात्री?"

तर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. हसण्यावारी चालणं हेच वाईट झालं, असं आता म्हणायला हरकत नाही, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं?

लिफ्टचं काम एकट्याने होत नाही. एक माणूस गच्चीवरच्या मशीनरूममध्ये आणि दुसरा खाली, मध्ये लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या डक्टची अंधारी पोकळी. खात्रीरावाचा जोडीदार म्हणजे शिट्टी. काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा. सूर कुठलाच धड नसायचा, पण त्या आवाजाने वरच्याला कळायचं की खालचा ठीक आहे. अकरा वर्षं दोघं एकत्र होते. पेटी दोघांत एक, डबा दोघांचा शेजारी उघडलेला, आणि बोलणं दोन-तीन शब्दांचं.

"बंद?" खालून शिट्टी ओरडायचा.

"बंद केली," वरून खात्रीराव.

काम झालं की लिफ्ट सुरू करायच्या आधी, "घेऊ?" आणि, "घे."

समोरच्याचं उत्तर कानावर पडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. नव्या माणसाला पाना धरायला शिकवायच्या आधी हे शिकवतात. शिट्टी तर इतका पक्का होता की घरी जाताना लिफ्टने उतरायचं असलं तरी बटणावर बोट ठेवून विचारायचा, "घेऊ?" खात्रीरावाने "घे" म्हटलं की मगच दाबायचा.

सुरुवात कुठून झाली हे खात्रीरावाला नेमकं सांगता यायचं. एका इमारतीत त्याने सकाळी लिफ्ट तपासून कार्डावर सही केली आणि दुपारी वीज गेली. आत एक म्हातारी बाई चाळीस मिनिटं अडकली. त्यात त्याची काडीची चूक नव्हती, वीज काय त्याने घालवली नव्हती. बाईंना काही झालंही नाही. बाहेर आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि उलट यालाच म्हणाल्या, "तुम्ही का एवढे पांढरे पडलात?" पण आतून त्यांनी दारावर थापा मारल्या होत्या तो आवाज खात्रीरावाच्या कानातून जाईना.

त्यानंतर पोटात जो गोळा आला तो आलाच. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो जागा झालेला असायचा. काल सही केलेल्या लिफ्टचा दोर तुटला तर? ब्रेकचा बोल्ट आवळला होता का? आवळला होता हे आठवायचं, हातांना तो पीळसुद्धा आठवायचा, तरी मन म्हणायचं, ते कालचं नाही, परवाचं आठवतंय तुला. मग काहीतरी निमित्त काढून तो परत त्या इमारतीत जायचा. बोल्ट आवळलेला असायचा. दहा मिनिटं बरं वाटायचं. रस्त्यावर आला की वाटायचं, बघताना आपणच तो सैल केला नाही ना?

घरी गॅसची तीच तऱ्हा. एकदा बायको वैतागून म्हणाली, "अहो, बंद आहे गॅस. बंद आहे म्हणून तर तुमचा चहा गार झालाय."

एके दिवशी लिफ्टच्या टपावर उभा असताना त्याची छाती आवळून आली. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना. आता आपण मरणार, इथेच, या ग्रीसच्या वासात, असं त्याला स्पष्ट वाटलं. शिट्टीने त्याला काखेत धरून बाहेर काढलं आणि थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. कागदाच्या पट्टीवर रेघा आल्या. सगळ्या ठीक. पुढच्या महिन्यात परत तसंच झालं, परत पट्टी, परत सगळं ठीक. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी शिट्टीला बाहेर बसवलं आणि खात्रीरावाला म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्रास खरा आहे, पण तो हृदयाचा नाही. ही चिठ्ठी देतो, सरकारी दवाखान्यात पाचव्या मजल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टर बसतात. लवकर जा. हे बरं होण्यासारखं आहे."

बाहेर आल्यावर शिट्टीने विचारलं, "काय म्हणाले?"

"पित्त."

ती चिठ्ठी त्याने पेटीच्या तळाशी, फ्यूजच्या डब्याखाली ठेवली. बायकोला सांगायची सोय नव्हती, कारण तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं आणि घरात एक वेडा मेहुणा निघाला असता. कंपनीत सांगायचा तर प्रश्नच नव्हता. ज्याच्या डोक्याच्या डॉक्टरांकडे चकरा चालू आहेत त्याच्या सहीवर कोण माणसं लिफ्टमध्ये पाऊल टाकणार? सही गेली की नोकरी गेली. वार्षिक तपासण्या संपल्या की जाऊ, असं त्याने ठरवलं. तपासण्या संपल्या. मग मेहुणीचं लग्न झालं की जाऊ. लग्न झालं. चिठ्ठी फ्यूजखाली सात महिने पडून होती.

मधल्या काळात त्याने स्वतःच स्वतःवर इलाज काढला. कुठलीही गोष्ट तीनदा तपासायची, चौथ्यांदा नाही. काही झालं तरी नाही. कानाला खडा.

त्या मंगळवारी एका जुन्या पाच मजली इमारतीत काम होतं. लिफ्टचा वेग मर्यादेत ठेवणारी एक वेगळी दोरी असते, तिचं एक चाक तळाच्या खड्ड्यात फिरतं. ते कचऱ्याने जाम झालं होतं. लिफ्टची गाडी तिसऱ्या मजल्यावर थांबवली होती. शिट्टी खड्ड्यात उतरला, येणारी-जाणारी पोरं डोकावू नयेत म्हणून त्याने तळमजल्यावरचं दार ओढून घेतलं. खड्ड्यातही एक बंद करायचा स्विच असतो, उतरणाऱ्याने तो स्वतः दाबायचा असतो. शिट्टीने तो कित्येक महिन्यांत दाबला नव्हता. वर खात्रीराव असताना खालचा कशाला दाबायचा, हे त्याचं उघड म्हणणं होतं.

"बंद?" खालून हाळी आली.

खात्रीरावाने मेन स्विच खाली ओढला. खट्ट आवाज झाला, मशीनवरचा लाल दिवा विझला. "बंद केली!"

खालून शिट्टी वाजायला लागली.

इथे काम संपलं होतं. एखाद्या बेफिकीर माणसाने इथे विडी शिलगावली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण खात्रीरावाच्या मनात पाल चुकचुकली. दिवा विझला तो स्विचमुळे, की दिवाच गेला? त्याने स्विच वर केला, दिवा लागला. खाली केला, विझला. हे एक. वर, खाली. हे दोन. एवढ्यात गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने दारातून डोकं आत घातलं. "अजून किती वेळ हो? माझ्या सासऱ्यांना खाली जायचंय."

"झालंच," तो तिच्याकडे वळून म्हणाला. हात स्विचवर चालूच होता.

बाई गेली. तिच्या मागून दारातून लख्ख ऊन आत आलं, त्यात तो लाल दिवा काही नीट दिसेना. तीन झाले होते का? झाले असावेत. हात परत स्विचकडे गेला आणि त्याने तो मागे घेतला. चौथ्यांदा नाही. आज नाही. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि चाक फिरलं. खात्रीरावाने झेप घेऊन वरच राहिलेला स्विच खाली ओढला, पण तोवर गाडी एक मजला खाली आली होती. फक्त एक मजला. खड्ड्यातल्या शिट्टीपासून ती कितीतरी लांब होती. पण दोरी जेवढी गाडी चालली तेवढीच पळाली, आणि शिट्टीचा उजवा हात फडक्यासकट दोरी आणि चाकाच्या मधे होता.

शिट्टीचा आवाज थांबला. त्यानंतरचा आवाज खात्रीरावाने कधी कुणाला सांगितला नाही.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दोन दिवसांनी साहेब कागद घेऊन दवाखान्यात आले. खात्रीराव खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तोंड उघडायचं त्याने रात्रीपासून घोकलं होतं. पण साहेबांनी विचारायच्या आधीच शिट्टी बोलायला लागला, छताकडे बघत, एका दमात. "चूक माझीच, साहेब. वरून उत्तर यायच्या आधीच मी चाकाला हात घातला. याने अजून बंद केलीच नव्हती. घाई झाली माझी. खालचा स्विचही दाबला नव्हता."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि साक्षीदार म्हणून कागद खात्रीरावापुढे धरला. विजेच्या बिलावरचं नाव तीनदा वाचणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली.

साहेब गेल्यावर तो कसाबसा म्हणाला, "असं का सांगितलंस?"

"तुला झेपलं नसतं," शिट्टी म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. स्विच चालू कसा राहिला, हे त्याने विचारलं नाही.

शिट्टीची चूक कागदावर आली म्हणून कंपनीने त्याला बसून करायचं कामही दिलं नाही. नियम मोडणारा माणूस नको, असं वरून आलं. खात्रीराव रजेवर घरी बसला. आता तो काहीच तपासत नव्हता. गॅस नाही, कुलूप नाही. बायकोला आधी बरं वाटलं, मग दोन दिवसांनी ती घाबरली, कारण तो जेवतही नव्हता आणि अंघोळीला बसला की नळ वाहत राहायचा. ती त्याच्याजवळ बसून म्हणायची, "बोला काहीतरी. मला शिव्या द्या, पण बोला." तो तिच्याकडे बघायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा तो एवढंच म्हणाला, "मी नसतो तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून तिने त्याला एकटं सोडलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिट्टी आला. उजव्या हाताला बँडेजचं पांढरं गाठोडं, डाव्या हातात एक घडी घातलेला कागद. कंपनीला पेटी परत करायची म्हणून त्याने ती रिकामी केली होती. फ्यूजच्या डब्याखाली चिठ्ठी निघाली.

"पित्त म्हणाला होतास," शिट्टी म्हणाला.

खात्रीरावाने चिठ्ठी ओळखली.

"तारीख वाचली मी यावरची." शिट्टीने चिठ्ठी खात्रीरावाच्या बायकोच्या हातात दिली. "वहिनी, उद्या याला घेऊन जातो."

वहिनीने चिठ्ठी वाचली. ती ओरडली नाही. "बहिणीच्या लग्नासाठी लपवलंत?" तिने विचारलं, आणि त्याने मान हलवल्यावर म्हणाली, "अहो, तिच्या नवऱ्याचा भाऊ तिथेच औषध घेतो. तिच्या सासरच्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं आम्हाला."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे पाच मजले खात्रीराव जिन्याने चढला. शिट्टी लिफ्टने गेला आणि वर बाकावर वाट बघत बसला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समोर पाण्याचा पेला आणि फाटकी वही. त्यांनी घाई केली नाही. खात्रीरावाने म्हातारीपासून सुरुवात केली आणि मंगळवारपाशी आला तेव्हा त्याचे हात आपोआप टेबलावर वर-खाली व्हायला लागले. "बंद केली होती मी," तो म्हणाला. "पहिल्याच झटक्यात बंद झाली होती. मग मी ती तपासायला चालू केली." हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता. खुंटा हलवून बळकट करायच्या नादात खुंटाच उपटला होता.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं. हा चिंतेचा आजार आहे. स्वभाव नाही, वेडही नाही. शंका येते, तपासलं की थोडा वेळ सुटका मिळते, आणि त्या सुटकेची चटक लागून शंका अजून जोरात येते. नुसता निश्चय करून तो आवरत नाही, म्हणून तुमचा तीनचा नियम कामी आला नाही, त्यात तुमचा दोष नाही. मरणाचे विचार येतात का, हेही त्यांनी सरळ विचारलं, आणि त्यानेही खरं ते सरळ सांगितलं. घरी कोण असतं, वाईट वाटलं तर मध्येच कुणाला फोन करायचा, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. एक गोळी दररोज, आणि दर गुरुवारी येऊन बसायचं.

"किती दिवस?" खात्रीरावाने विचारलं.

"नेमकं कुणालाच सांगता येत नाही. पण नेटाने घेतलं तर बहुतेकांना तीन-चार महिन्यांत चांगला फरक पडतो."

धीर द्यायलाच त्या हे म्हणाल्या होत्या. खात्रीराव त्यांच्याकडे बघत राहिला. तीन-चार महिने. चिठ्ठी सात महिने फ्यूजखाली होती. बाई विचारत होत्या, "काय झालं? पाणी देऊ का?" आजवर त्याची अशी समजूत होती की जे झालं ते टळण्यासारखं नव्हतं. तेवढ्याच एका गोष्टीला धरून तो तीन आठवडे बसला होता.

बाहेर शिट्टी उठून उभा राहिला. "काय म्हणाल्या?"

या वेळी खात्रीरावाने पित्त म्हटलं नाही. बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. दिवा, तीन वेळा, कपडे वाळत घालणारी बाई, खिशात घातलेले हात. शिट्टी ऐकत होता. मधे एकदा त्याने थांबवलं.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा बंद होती?"

"होती."

"तू केली होतीस."

"हो."

शिट्टीने आपल्या गाठोड्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याचा आवाज खात्रीरावाने असा ऐकला नव्हता, लहान मुलासारखा. "मग राहू द्यायची होतीस ना रे बंद."

"साहेबांना आज सांगतो," खात्रीराव म्हणाला. "खरं काय ते. तुला काम देतील ते."

"बरं होण्याचं काय म्हणाल्या?"

खात्रीरावाला खोटं बोलता आलं असतं. "तीन-चार महिने," तो म्हणाला.

शिट्टीच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून मिटत गेली, चिठ्ठीवरच्या तारखेपासून पुढे, एक, दोन, तीन, चार. चौथ्याशी थांबली. मग तो उठून लिफ्टकडे गेला.

लिफ्ट आली. आत दोन-तीन माणसं होती. शिट्टी आत शिरला, वळला आणि डाव्या हाताचं बोट तळमजल्याच्या बटणाशी नेलं. खात्रीराव दारासमोर उभा होता. जिन्याने जायचं की आत यायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आज जमेल, असं क्षणभर वाटलं. शिट्टी विचारेल, "घेऊ?" आणि आपण आत पाऊल टाकून म्हणू, "घे." तो थांबला.

शिट्टीने त्याच्याकडे बघितलं. विचारलं नाही. बटण दाबलं आणि दार लागलं.

साहेबांच्या कागदावर शिट्टीने जे खोटं लिहायला लावलं होतं, ते आज खरं झालं. उत्तर यायच्या आधीच त्याने हात लावला.

खात्रीराव जिना उतरला. खाली पोचला तेव्हा लिफ्ट रिकामी उभी होती आणि शिट्टी निघून गेला होता. पुढच्या गुरुवारची वेळ लिहिलेली चिठ्ठी हातात होती. ठेवायला आता पेटी नव्हती. ती त्याने सदऱ्याच्या खिशात घातली आणि कंपनीच्या ऑफिसचा रस्ता धरला.